पाणी हवामानात मोडत नाही

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर नमस्कार फोनवरच करणार होतो, पण माझा ‘हॅलो’ कानावर पडताच तुम्ही फोन ठेवता, आणि अर्ध्या सेकंदात साष्टांग नमस्कार घालणं मला अजून जमलेलं नाही.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामी हिला सांगत होत्या की जिना उतरताना हल्ली कठडा धरावा लागत नाही. ऐकून फार बरं वाटलं. पत्र टपालाने न पाठवता मामींच्या हाती देतोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही टपाल परत पाठवाल, पण मामींना परत पाठवणं तुम्हाला एकेचाळीस वर्षांत साधलेलं नाही. चार महिन्यांपूर्वी मी नवा कॅमेरा घेतला, तोही तुम्ही जन्मभर वापरलेली कंपनी सोडून, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मला मान्य आहे. तरी एवढं पत्र शेवटपर्यंत वाचा. मी हादरलोय मामा. काल दुपारी जे पाहिलं त्यानंतर मी जेवताना पाण्याऐवजी तेलाची बाटली तोंडाला लावली, आणि हिने हातातून काढून घेईपर्यंत मला पत्ता नव्हता.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. येत्या शनिवारी जलतरण स्पर्धेची अंतिम फेरी आहे, तिचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे आणि माझ्याकडे कॅमेरा नाही. संघटनेच्या सचिवांनी साफ सांगितलंय की अंतिम फेरीचे फोटो वेळेवर हातात पडले तर वर्षभराच्या सगळ्या स्पर्धा माझ्या, नाहीतर ते दुसरा माणूस बघणार. नऊ वर्षं मी तुमच्या स्टुडिओत बसून ‘उंच मुलं मागे, बुटकी पुढे, बाई जरा सरका’ एवढंच म्हणत आलो. पहिल्यांदाच हलणारी माणसं माझ्या वाट्याला आली होती, आणि तीही आता हातची जायची वेळ आलीय.

आता हे झालं कसं ते ऐका. (तुम्हाला ऐकायचं नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहितोय.) कॅमेरा निवडायला मला चार महिने लागले. फ्रिजच्या दारावर मी तक्ता लावला होता: वजन, वेग, अंधारात काय दिसतं, बॅटरी किती टिकते, पुढची लेन्स कधी येणार. सत्तावीस रकाने झाले आणि दूध-भाजीची यादी लावायला जागा उरली नाही. ही म्हणाली, मला होकार द्यायला तुम्हाला अर्धा तास लागला होता, या डब्यात एवढं काय बघताय? त्यात आमचा मित्र बगळ्या भेटला. (याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नाही. बारा वर्षं तो फक्त बगळ्यांचे फोटो काढतो, आणि बगळा हा मुळात हलतच नाही.) तो म्हणाला, नव्या कंपनीचा कॅमेरा डोळा शोधून काढतो: माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा, कुणाचाही. मी दुकानात जाऊन बघितलं. कॅमेऱ्याने आधी दुकानदाराचा डोळा शोधला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मांजरीचा. मी गारच झालो. उंटावरचा शहाणा मिळाला की माणूस दुसऱ्या कुणाला विचारत नाही. मी माझं जुनं सगळं सामान बदल्यात देऊन टाकलं.

पण शेवटचा घाव घातला तो त्यांच्या पुस्तिकेने. ‘व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी खास सेवा. कॅमेरा बिघडल्यास त्याच दिवशी बदली कॅमेरा.’ मामा, हे वाक्य मी दुकानात उभा राहून सात वेळा वाचलं. तुम्ही सांगायचात ना, कॅमेरा चालू असताना सगळ्याच कंपन्या चांगल्या, बंद पडल्यावर कोण विचारतं ते बघ. मला वाटलं, बघितलंच की! वाक्याच्या शेवटी एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी छापलं होतं, ते मात्र वाचलं नाही. (भिंगांच्या धंद्यात जन्म गेला आणि नेमकं तिथे भिंग लावलं नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.)

गेल्या रविवारी उपांत्य फेरी होती. कंपनीच्या जाहिरातीत एक गृहस्थ मुसळधार पावसात कॅमेरा घेऊन हसत उभे असतात, म्हणून मीही निर्धास्तपणे तलावाच्या अगदी काठाला बसलो. फुलपाखरू पद्धतीच्या शर्यतीत कडेच्या पट्टीत एक असा धिप्पाड गडी होता की तो हात आपटायचा तेव्हा पंचही मागे सरकायचे. त्याने वळताना जो लाथेचा फटका मारला, त्यातलं जेमतेम ओंजळभर पाणी कॅमेऱ्यावर आलं. मी रुमालाने पुसलं. कॅमेऱ्याने एकदा डोळे मिचकावल्यासारखं केलं, तलावाच्या गाळणीच्या भोकाला डोळा समजून त्याच्याभोवती हिरवी चौकट काढली आणि प्राण सोडला.

मदतकेंद्राला फोन लावला. बाई इतक्या गोड बोलल्या की मला वाटलं, कॅमेरा आता फोनमधूनच दुरुस्त होतोय. त्यांनी विचारलं, पाणी कसलं? मी म्हटलं, तलावाचं. तर म्हणाल्या, आमचा कॅमेरा हवामानाला दाद देत नाही सर, पण तलावाचं पाणी हवामानात मोडत नाही. मी उडालोच. मी विचारलं, आणि तलावात पाऊस पडत असेल तर? त्यांनी प्रामाणिकपणे वरिष्ठांना विचारायला मला थांबवलं, अकरा मिनिटं बासरी ऐकवली, आणि मग वरिष्ठांचा निर्णय सांगितला: पडेपर्यंत हवामान, पडल्यावर पाणी. मामा, इतकं नेमकं उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझ्या तोंडून चक्क ‘धन्यवाद’ निघालं.

काल त्यांच्या दुरुस्ती केंद्रात प्रत्यक्ष गेलो. काचेचं दार, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर हिमशिखरांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, मी व्यावसायिक आहे, बदली कॅमेरा द्या. तिने नियम दाखवला. (चांदणीखालचा. तिथे तो मोठ्या अक्षरात होता.) खास सेवेचा सदस्य व्हायला आमच्या कंपनीचे दोन चालू कॅमेरे आणि तीन लेन्स हव्यात. मी म्हटलं, अहो, दोन चालू असते तर मी इथे कशाला आलो असतो? ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात सर. म्हणजे ज्याचं काहीच अडलेलं नाही त्याला त्याच दिवशी मदत, आणि ज्याचं अडलंय त्याने आधी न अडण्याची सोय करून यावी! तेवढ्यात तिने दुसरा नियम काढला. आपण व्यावसायिक असल्याचा पुरावा म्हणून छापून आलेले सहा फोटो, नावासकट.

मी लगेच पिशवीतून संघटनेची वार्तापत्रं काढली. प्रत्येक फोटोखाली छापलं होतं: ‘छाया: आमचे प्रतिनिधी.’ मग शाळांचे अकरा गटफोटो बाहेर काढले. त्यांच्या खाली शिक्का तुमच्या स्टुडिओचा, तुमच्या नावाचा. (नऊ वर्षांत मी पाटी बदलली नाही की शिक्का बदलला नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची, असा माझा विचार. आता वाटतं, निदान खाली बारीक अक्षरात तरी स्वतःला घालायला हवं होतं.) ती म्हणाली, हा स्टुडिओ मामांचा, मग फोटो मामांचे. मी म्हटलं, काढलेत मी. ती म्हणाली, कुठे लिहिलंय? मामा, मी ते अकरा फोटो उलटे करूनसुद्धा बघितले. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी छायाचित्रकार आहे याचा माझ्याजवळ कागदाचा एक कपटाही नाही हे मला त्या गुबगुबीत खुर्चीत बसून कळलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तिने दयेपोटी मला दुसरा अर्ज दिला. त्यावर वर्ग लिहिला होता ‘हौशी’, आणि दुरुस्तीची मुदत सहा आठवडे. हौशी! नऊ वर्षांत अर्ध्या गावाची पोरं मी ओळीत उभी केली, आणि मी हौशी!

घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला वरच्या मजल्यावर गेलो. वरच्या मजल्यावर तुमच्या जुन्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र आहे हे मला माहीत होतं, पण शप्पथ, मी फक्त पाण्यासाठी गेलो. तिथे काचेचं दार नाही, लाकडी आहे आणि ते वाजतं. आत भिंगकाका बसले होते. (एका डोळ्याला भिंग लावून ते इतकी वर्षं कॅमेरे उघडतायत की भिंग काढलं तर त्यांचे घरचेही त्यांना ओळखणार नाहीत.) मला बघून म्हणाले, “काय रे, मामांचं काय आणलंस? परवा सोमवारीच तर येऊन गेले.”

मामा, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही चारचौघांत जाहीर केलंत की आजपासून कॅमेऱ्याला हात लावणार नाही. आणि इकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुम्ही तुमचे दोन्ही रीळवाले कॅमेरे टॉवेलात गुंडाळून त्यांच्याकडे नेता, साफ करून घेता आणि दोन तास चहा पीत बसता! मामी समजतात तुम्ही गुडघ्याच्या व्यायामाला जाता. (पाकीट मी डिंकाने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर तुमचं तुम्ही बघा.) पण खरा बॉम्ब पुढेच होता. भिंगकाकांनी सहज म्हणून तुमची फाइल उघडली. तुम्ही त्यांच्या खास सेवेचे पहिल्या वर्गाचे सदस्य आहात! कार्यरत छायाचित्रकार! दोन चालू कॅमेरे, तीन लेन्स, कार्ड यंदाच नवीन केलेलं. आणि पुरावा म्हणून जोडलेले सहा फोटो मी बघितले तेव्हा मी टेबल धरलं. ते माझे होते. यंदाच्या शाळांचे. सातवीच्या वर्गातल्या ज्या बाईंचे मिटलेले डोळे मी दुसऱ्या फोटोतून आणून बसवले, त्या बाई तिथे टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. खाली शिक्का तुमच्या नावाचा. कंपनीच्या हिशोबी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही अकराशे पोरांचे फोटो काढता, आणि मी खालच्या मजल्यावर हौशी!

मामा, मी तुमच्यापुढे लहान आहे, पण बोलतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी आजवर दुसऱ्यांच्याच बाबतीत वापरत होतो. मला एका शब्दाने विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं का? म्हटलं असतं कदाचित, पण विचारायचं. मला राग आलाय, आणि तो तुमच्यावर धरता येत नाही याचा जास्त राग आलाय. बाकी तब्येतीला जपा. थंड पाण्याने आंघोळ करू नका. मामींना नमस्कार.

आपला (खालच्या मजल्याच्या नोंदीप्रमाणे हौशी)
भाचा

ता. क. रागाचं असो. भिंगकाका म्हणाले की पहिल्या वर्गाच्या सदस्याला स्पर्धेसाठी एक नवा कॅमेरा आणि दोन लेन्स सोमवारपर्यंत वापरायला मिळतात, फक्त सदस्याने स्वतः येऊन सही करायची. तर मामा, शुक्रवारी सकाळी अकराच्या आत याल का? मी दाराशी रिक्षा घेऊन येईन. तिथे तुम्ही छायाचित्रकार आणि मी तुमचा मदतनीस. पिशवी मी धरीन आणि एक अक्षर बोलणार नाही. दुसऱ्या कंपनीचा विषय तर कुणीच काढणार नाही, भिंगकाकांना मी तसं बजावलंय.

आणखी एक ता. क. वरचं लिहून झाल्यावर भिंगकाकांचा माणूस तुमच्या सदस्यत्वाच्या अर्जाची प्रत देऊन गेला, शुक्रवारी सोबत आणा म्हणून. आता वाचली. बदली कॅमेरा कोण वापरणार, त्या रकान्यात माझं नाव आहे. तारीख बघितली: मी नवा कॅमेरा दाखवायला आलो आणि तुम्ही तोंडावर दार लावलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशीची. पुढे ‘वापरणाऱ्याचा व्यवसाय’ असा रकाना आहे. तिथे तुमच्या अक्षरात आहे: ‘छायाचित्रकार’. आणि शेजारी, कुणी विचारलेलं नसताना, कंसात: ‘चांगला’. मामा, नऊ वर्षांत हे तुम्ही मला एकदाही तोंडाने सांगितलं नाहीत, आणि कंपनीला लेखी देऊन बसलात. ही मघापासून विचारतेय काय झालं म्हणून, मी अर्जाची प्रतच तिच्या हातात देतोय.