बरणीतली मादी

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या अक्षराबद्दलची बोलणीही पोचली.

आमच्या गाणाऱ्या पक्ष्याचा जनुक-आराखडा पुरा झाला, असं मी सांगत सुटले होते. तो अर्धवट आहे. गाणं कोणत्या जनुकांतून येतं ते शोधायचं, म्हणून चार वर्षं गाणाऱ्याचं, म्हणजे नराचंच रक्त तपासलं. पक्ष्यांत एक गुणसूत्र फक्त मादीत असतं, ते राहूनच गेलं. आता रानात या जातीचा एकही पक्षी दिसत नाही. मादी उरली ती तुझ्या पिंजऱ्यातली म्हातारी. २८ला येते. रक्ताचा एक थेंब हवा. तोवर तिला जप. बाबा म्हणतात, आत्यापासून जप म्हणून लिही.

तुझी धांदरट भाची

११ मार्च

चि. धांदरटबाईस अनेक आशीर्वाद.

नराला भुलायचं वय आहे तुझं, पण निदान प्रयोगशाळेत तरी नको!

मादी आज सकाळी गेली. दांडीखाली पडलेली सापडली. मी रडत बसले नाही. कॉलेजात शिकले आणि पुढे तीस वर्षं मुलांना शिकवलं, तसंच चोख केलं. पोटात सुईने फॉर्मालिन भरलं, बरणीत बुडवली, झाकण मेणाने बंद केलं. वजन, तारीख, वेळ चिठ्ठीवर आहे. थेंब कशाला, अख्खी मादी ने.

तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. फॉर्मालिनने शरीर टिकतं, पण डीएनएचा चुरा होतो. आम्हाला लांब, सलग धागा लागतो. तिला बर्फात ठेवायला हवं होतं. ते मी आधी लिहिलं नाही, चूक माझी.

पिंजऱ्यात गळलेलं पीस, विष्ठा, काहीही असेल तर हात लावू नकोस. लगेच कळव.

तुझी भाची

२१ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

माझ्या वाट्याची चूक माझ्याकडे राहू दे.

पिंजरा त्याच दुपारी उकळत्या पाण्याने आणि फिनेलने धुतला. तळाचे कागद जाळले. तुझं पत्र आल्यावर एकेक फट भिंग लावून पाहिली. माझी स्वच्छता तुला ठाऊक आहे. काही नाही.

२८ला येऊ नकोस, असं लिहिणार होते. ये. बरणी टेबलावर आहे. चोच, नखं, पिसन् पीस शाबूत आहे. शंभर वर्षं अशीच राहील.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

आत्या