शिरोळचा टॉवर आणि तुमचे चार कॉल

आण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. तुम्ही समोर असताना मी कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

अजून डोळ्यांसमोर आहे ते असं: मी सहा वर्षांची आहे. कोडोलीच्या पोस्टात मामाचा हात धरून उभी आहे. घरी आई बाळंतपणात अडली आहे आणि मामाला कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावायचा आहे. तेव्हा ट्रंक कॉल एक्स्चेंजमधून जोडून घ्यावा लागायचा, आणि त्या दिवशी ड्यूटीवर तुम्हीच होता. मामा म्हणाला, "दाजी, अक्का अडलीया. आमचा कॉल आधी द्या की." तुम्ही त्याला सांगितलंत, तुझ्या आधी चार कॉल आहेत. ते चारही गुळाच्या भावाचे होते, हे पुढे तुम्हीच लोकांना अभिमानानं सांगायचात. घरच्या माणसालाही रांग मोडू दिली नाही म्हणून. डॉक्टरीणबाई उशिरा पोचल्या. आई वाचली, माझा भाऊ गेला. तुम्ही ती गोष्ट सुरू केलीत की आई उठून आत जायची. तुम्हाला ते दिसत नव्हतं का? मला दिसायचं.

मीही शेवटी तुमच्याच कामात आले. शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून मोबाईलचे टॉवर सांभाळते. गेल्या पावसाळ्यात शिरोळकडे पाणी चढलं, आजूबाजूचे टॉवर बंद पडले आणि सगळ्या गावांचा भार एकाच टॉवरवर आला. निम्मे लोक पाण्याचे व्हिडिओ पाठवत होते, बाकीच्यांचे साधे फोन लागत नव्हते. तुमची रांग तिथं लावली असती तर कुणाचंच काही पोचलं नसतं. मी डेटा जवळजवळ बंद केला आणि जागा बोलण्याला दिली. फोन लागायला लागले. मला वाटलं, न्याय असा करायचा असतो.

दुपारी एक माणूस ऑफिसात आला. त्याची बहीण दोन लेकरांना घेऊन गच्चीवर अडकली होती. "मॅडम, तिला ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय. व्हिडिओवर हातानं बोलती ती. तुमचा फोन लागून तिला काय उपेग?" मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे. तोंडातून शब्द गेला आणि मला तुमची इतकी चीड आली की त्याच्याकडे बघवेना. "सारखा कुठनं हाय?" एवढंच तो म्हणाला.

डेटाला थोडी वाट करून द्यायला दोन मिनिटं पुरली असती. मी पाऊण तास लावला. त्याला सांगितलं, वरून परवानगी यायची आहे. परवानगी कुणाचीच लागत नव्हती. आई शिरोळला मावशीकडे होती, तिला साधा फोनच तेवढा जमतो, आणि तिचा फोन अजून लागला नव्हता. लागला तेव्हा म्हणाली, "व्हय गं, माळावर आलोय. रेडकूबी आणलंय." मग मी डेटा सोडला. ती बाई आणि लेकरं संध्याकाळी बोटीतून सुखरूप आली, पण त्यात माझं काही नाही.

तुम्ही आईसाठी कुणालाच थांबवलं नाहीत. मी थांबवलं. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिता आलं. त्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे. त्याला अजून फोन केलेला नाही.