चुकवणीच्या बोळाचा खरा इतिहास

३ तारीख, सोमवार
नगरपालिकेच्या ऑफिसातली एक बाई आली होती. गल्ल्याबोळांना पाट्या लावणार, म्हणून कुठलं नाव कशावरून पडलं ते विचारत फिरतेय. माझ्या घरामागच्या बोळाला सगळे चुकवणीचा बोळ म्हणतात. का, ते मात्र तिला कुणी धड सांगेना. म्हटलं, बरोबर घरी आलीस. चहा टाकला. ती नको म्हणत होती, पण मी दाराला कडी आधीच लावली होती.
सांगितलं, एक राजा शत्रूला चुकवून या बोळातून पळाला. कुठला राजा, तिनं विचारलं. म्हटलं, पळणारा नाव सांगून पळतो का?
दुपारपर्यंत बसली. गोष्ट फारच आवडलेली दिसते.

४ तारीख, मंगळवार
राजाची गोष्ट जरा पातळ वाटतेय. बोळात घोडा मावत नाही. दुसरी गोष्ट रचायला हवी. म्हणजे आठवायला.
आधी पेपरवाल्याला ऐकवून बघू म्हणून दारात खुर्ची टाकून बसले. पेपर मागच्या खिडकीतून आत पडला. गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे, पुढच्या पायऱ्या झेपत नसतील.

६ तारीख, गुरुवार
शेजारीण भाजीची पिशवी घेऊन लगबगीनं बोळात शिरली. तीनदा हाक मारली, वळली नाही. माझ्याहून लहान, आणि कान गेले बाईचे! हे टेलरला सांगायला त्याच्या दुकानात गेले, तर म्हणाला, मावशी, गॅसवर दूध ठेवलंय. दुकानात कसला गॅस? बायको माहेरी गेली की पुरुषांचं डोकं फिरतं.
संकल्प: उद्यापासून कमी बोलायचं. लोकांनी आपणहून विचारलं पाहिजे.

७ तारीख, शुक्रवार
संकल्प तंतोतंत पाळला. कुणी आलंच नाही.

९ तारीख, रविवार
मुलाचा फोन. त्याला राजा सांगायला घेतला. आई, मीटिंग आहे, म्हणाला. रविवारी मीटिंग! किती राबवतात माझ्या पोराला.
हे होते तेव्हा बोळाला नावच नव्हतं. कचऱ्याचा डबा आणि मांजरं, बस्स. संध्याकाळी हे खुर्चीत बसायचे आणि मी बोलायचे. नुसतं हं म्हणायचे, पण वेळेवर म्हणायचे. नाव नंतर कधीतरी पडलं. बाईला हे सांगायचं नाही. इतिहास म्हटला की जुना पाहिजे.
नवी गोष्ट तयार: एक सून सासूला चुकवून या बोळातून जायची. ही फस्क्लास आहे.

१२ तारीख, बुधवार
बाई आज बोळातच उभी दिसली. मागच्या दारातून हात धरून आत आणली. सुनेची गोष्ट सांगितली, मध्ये थोडी रडलेसुद्धा. बाई कपातल्या चहाकडे बघत राहिली. म्हणाली, आजी, बाकीचे वेगळंच सांगतात. म्हटलं, सांग, मी दुरुस्त करून देते.
मग ती अडखळत बोलली. पुढच्या रस्त्यानं गेलं की एक आजी हाक मारतात, बसवून घेतात, सोडत नाहीत. म्हणून सगळे मागून जातात.
कोण आजी, मी विचारलं.
बाईनं कप खाली ठेवला. दार मीच उघडून दिलं. थांब गं म्हटलं नाही.

१३ तारीख, गुरुवार
म्हटलं, बघू तरी बोळ आहे कसा. मागच्या दारानं निघाले. वळणावर टेलर, शेजारीण, पेपरवाला हसत उभे. शेजारणीला मैलावरचं ऐकू येत होतं. मला पाहिलं आणि सगळं चिडीचूप.
शेजारीण म्हणाली, अगंबाई, मावशी, तुम्ही इकडून कशा?
म्हटलं, मलाही त्या म्हातारीला चुकवायचंय. फार डोकं खाते.
टेलरला गिऱ्हाईक आठवलं. शेजारणीला कुकर आठवला. पेपरवाला काही न आठवताच गेला.
मी उभी राहिले थोडी.
बोळ तसा हवेशीर आहे.