कार्डावर फक्त खोकला होता

बुधवार, संध्याकाळ. हॉस्टेल, बेळगाव

आज फार्मसीच्या प्रॅक्टिकलला मी फार्मासिस्ट झाले आणि माझी रूममेट सुजाता पेशंट. सरांनी तिला दिलेल्या कार्डावर फक्त खोकला होता. पण ती म्हणाली, “झोप लागत न्हाय. पुस्तक उघडलं की रडू येतंय. घशाखाली घास उतरत न्हाय.”

पोरं हसली. लई भारी ॲक्टिंग म्हणे! आणि मी शहाणी, ‘तुमचा त्रास मी समजू शकते’ हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि सिरपचा डोस सांगितला. तेवढ्यात सरांनी बेल वाजवली, वेळ संपली. सहानुभूतीचे मला पैकीच्या पैकी मार्क.

कार्डावर फक्त खोकला होता. मग बाकीचं कुठनं आलं?

आत्ता मेसमध्ये विचारलं. “ॲक्टिंगच गं ती,” म्हणाली आणि ताट तसंच सारून उठली. आता भिंतीकडं तोंड करून पडलीय. झोपलेली नाही, मला कळतंय.

उद्या तिला कॉलेजच्या काउन्सेलरकडं नेणार, नको म्हणाली तरी. पण आधी ही वही मिटते आणि तिच्या कॉटवर जाऊन बसते. परत विचारते. कितीही वेळ लागू दे. इथं बेल वाजवायला कोणी नाही.