चौथं नाव

तीर्थरूप बातमाताईस, धाकट्या असानकुलचा छातीवर हात ठेवून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला, मेंढ्या आणि ती एका शिंगाची लाथाळ गाय (अजून असेल तर) सगळं ठीक ना? आम्ही इथे बिश्केकच्या इस्पितळात मजेत आहोत. खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणजे धुकं नसतं तर दिसला असता. तू काळजी करू नकोस आणि मुख्य म्हणजे येऊ नकोस. तळासचा घाट बर्फानं भरला असेल, त्यात तुझे गुडघे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोन सुयुनच्या खिशात असतो, आणि हल्ली बोलताना शब्द मला ऐनवेळी दगा देतात. परवा मी तिला म्हणालो, "खोगीर आण, चहा ओत." तिनं मुकाट्यानं किटली आणली. तीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर तिनं वाद घातला नाही असं पहिल्यांदाच घडलं. दुखणं मोठं आहे हे मला त्यावरूनच कळलं.

सुरुवात वासानं झाली. शाळेत नकाशा शिकवत होतो आणि एकदम तापल्या तेलाचा वास आला. आईच्या कढईचा, अगदी तोच. असला वास गेलेल्यांसाठी सोडायचा असतो हे तुला सांगायला नको. सुयुन म्हणाली, "तुमची आई उपाशी आहे. गुरुवारचं तळण तुम्ही टाळता ना, त्याचं हे." तिनं लगेच कणीक भिजवली, बोरसोक तळले, मी पाठ म्हटला, गेलेल्यांची नावं घेतली आणि वास त्यांच्याकडे पोचता केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास, पुन्हा कढई. मग दिवसाआड तळण सुरू झालं. पूर्वज काही तृप्त होईनात, शेजारी मात्र बाळसं धरू लागले. (पलीकडचा झूमाश, ज्यानं कुंपणापायी अकरा वर्षं माझ्याशी अबोला धरला होता, तोही बशी घेऊन येऊ लागला.)

एका गुरुवारी नावं घेता घेता मी थांबलो. मला काही आठवत नाही. सुयुन सांगते, मी समोर टक लावून बसलो होतो आणि तोंडात काही नसताना मिटक्या मारत होतो. झूमाश कुजबुजला, "कुणी बोलू नका. म्हातारी ह्याच्या तोंडानं जेवतेय." सगळ्यांनी दुव्यासाठी हात पसरले, आणि सुयुननं रडत रडत आणखी दोन गरम बोरसोक माझ्यापुढे ठेवले. मग मी आडवा होऊन हातपाय झाडायला लागलो, तेव्हा कुठे हे जेवण नव्हे अशी शंका लोकांना आली.

इथली डॉक्टर झाइना (तुझ्या माहेरची, आपल्या नारिनचीच, पोरसवदा दिसते पण हात स्थिर आहे) म्हणाली, "मास्तर, तो वास कढईतला नव्हता, डोक्यातला होता." डाव्या कानाच्या वर, आत, जर्दाळूएवढी गाठ आहे. वास, टक लावणं, मिटक्या हे सगळे लहान झटकेच होते, शेवटचा तेवढा मोठा. गोळ्यांनी झटके थांबले. सूज उतरवायच्या गोळ्यांनी भूक अशी खवळली आहे की शेजारचा रोगी माझ्याकडे पाठ करून जेवतो. वासही बंद झाला. ताई, खरं सांगतो, त्या दिवशी आईला दुसऱ्यांदा माती दिल्यासारखं वाटलं.

येत्या बुधवारी ऑपरेशन. गाठ वाचेच्या जागेला चिकटली आहे, म्हणून मला जागं ठेवूनच काढणार. मेंदूला दुखत नाही म्हणे. (सुयुन म्हणाली, "ह्यांच्या मेंदूला काही लागतच नाही, मला ठाऊक आहे.") मी बोलत राहायचं, अडखळलो की डॉक्टर तिथे हात आवरणार. निघेल तेवढी गाठ काढतील, तुकडा तपासतील आणि किरणं, औषधं काय द्यायची ते मग ठरेल. "झोपेतही चुकणार नाही असं काहीतरी म्हणायला निवडा," असं ती म्हणाली. मी ताठ बसून सांगितलं, सात पिढ्यांची नावं. ती खूश झाली.

तुझा आज्ञाधारक (आजवर कधी होतो?) भाऊ,
असानकुल

ता. क. वरचं सगळं सुयुनला वाचून दाखवलं. ती चहा आणायला गेली आहे, तेवढ्यात हे लिहितो. मला चौथं नाव आठवत नाही. बाबा, आजोबा, पणजोबा येतात, मग खड्डा, मग पुढचे तिघे पुन्हा येतात. डॉक्टरला हे सांगितलेलं नाही. आपल्यात शेंबडं पोरही घडाघडा म्हणतं ती सात नावं येत नाहीत हे अठ्ठावन्न वर्षांच्या मास्तरनं कुठल्या तोंडानं सांगावं? पण मी तिथे अडखळलो तर तिला वाटेल आपल्या सुरीनंच नाव कापलं, आणि उरलेली गाठ आत ठेवून ती डोकं शिवून टाकेल. बाबा मला पाठ करायला बसवायचे, तेव्हा तू चुलीपाशी कणीक मळता मळता माझ्याआधी म्हणायचीस आणि बोलणी खायचीस. तेवढं एक नाव चिठ्ठीवर लिहून हे पत्र आणणाऱ्या गाडीवाल्याबरोबरच धाड.

ता. क. २. चिठ्ठी नको. वाचलेलं आता माझ्याजवळ टिकत नाही. येऊ नकोस असं वर लिहिलंय ते सुयुनला ऐकवायला. मला भीती वाटते, ताई. नाव तूच घेऊन ये.