लाल पेनाची फुली

प्रिय एल्डनला, घरीच मुलांना शिकवणाऱ्या पालकांच्या मेळाव्यातून,

सुखरूप पोचले. आपल्या टर्झाच्या नववीच्या पुस्तकांचं ठरलं. घरच्या शाळेसाठी बायबलसकट सगळा संच जुन्या पुस्तकांच्या टेबलावर मिळाला.

विकणारी म्हणाली, "बाई, आत कुणीतरी लिहून ठेवलंय, चालेल ना?" उघडलं तर आपल्या केलबचंच जीवशास्त्राचं पुस्तक! तो घर सोडून गेल्यावर मीच विकलेलं. समासात त्याने विचारलंय, 'शंका आली तर देव रागावतो का?' त्यावर माझ्याच लाल पेनाची फुली.

तेच घेतलं. टर्झाला फुलीसकट दाखवणार आहे.

तू जेवतोस ना वेळेवर? बीन्सचं सूप फ्रीजमध्ये आहे.

आणि केलबला फोन कर, माझा तो उचलत नाही. म्हणावं, उत्तर 'नाही' असं आहे. आईला ते पान पुन्हा तपासायला सहा वर्षं लागली.

तुझीच,
मार्लिस