चाळीस ग्रॅम शिसे

रविवार, ६ एप्रिल १९९७. जळगाव

चार महिने या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी वहीची माफी मागतो. संस्थेने धुळ्याच्या कॉलेजातून इथल्या कॉलेजात बदली केली आणि सामानाच्या गडबडीत वही ट्रंकेच्या तळाशी गेली. ही सबब आहे, कारण नव्हे.

जळगाव आवडले. घरमालक लीलाधरनाना यावलकडचे आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी केळीचा अख्खा घड दारात आणून ठेवला आणि पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस एकटा किती केळी खातो ते बघतो म्हणाले. मुलीची परीक्षा होईपर्यंत कुंदा आणि ती धुळ्यालाच राहणार. मी दर शनिवारी जायचे, रविवारी परतायचे.

सेकंडहँड मारुतीला काल नवी मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चाके, बसवली. चांदीसारखी चकचकीत आहेत. सेहेचाळिसाव्या वर्षी हा शौक शोभत नाही हे कळते, तरी संध्याकाळी दोनदा खाली जाऊन बघून आलो. टायरवाल्या मगनने चारही चाकांचे बॅलन्सिंग केले. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला तोल साधायला शिशाचे एकच मोठे वजन ठोकावे लागले, त्यावर ४० आकडा आहे. चाळीस ग्रॅम. बाकीच्यांना दहा-पंधरा पुरले.

बुधवार, ९ एप्रिल

साठच्या पुढे गेले की स्टेअरिंग थरथरते. नशिराबादपर्यंत जाऊन नीट नोंदी घेतल्या. पंचावन्नला काही नाही. साठला बोटांना मुंग्या. सत्तरला हात कोपरापर्यंत हलतात आणि आरसा इतका हलतो की मागचे काही दिसत नाही. पंच्याऐंशीला थरथर पुन्हा निम्मी होते. झोका ठराविक लयीतच जोरात जातो, तसलेच हे. वर्गात सांगायला चांगले उदाहरण आहे.

मगनने पुन्हा बॅलन्सिंग केले, काही दोष निघाला नाही. मग नानांच्या सांगण्यावरून निंबा मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाक उतरवले आणि मधल्या भोकात बोट फिरवून दाखवले. चाक ज्यावर बसते त्या हबचा उंचवटा लहान, नव्या चाकाचे भोक मोठे. ‘सर, चाक हबवर बसेल नही, नुसतं बोल्टस्वर टांगेल शे.’ लेथवर रिंग करून ती मध्ये बसवली की बरे होईल, रिंगला आठवडा लागेल, तोवर जुनी चाके लावा, असे तो म्हणाला. मी म्हटले, साठ ते ऐंशी हा पट्टा टाळला तर काम भागते. तो हसला. ‘तुम्हनं गणित बरोबर शे सर, पण चाक गणित शिकेल नही.’

जुनी चाके लावली नाहीत. शनिवारी कुंदाला नवी दाखवायची आहेत.

रविवार, १३ एप्रिल. धुळे

काल संध्याकाळी पोचलो. कुंदाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि गाडीला चांदीचे पैंजण. मुलगी खूश.

पट्टा टाळण्यासाठी पंच्याऐंशीने आलो. पारोळ्याच्या पुढे एका फाट्याजवळ दचका बसला. खड्डा असावा. तिन्हीसांजेला खड्डे दिसत नाहीत.

गुरुवार, १७ एप्रिल. जळगाव

रिंग बसली. निंबाने हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून चाक हबवर चढवले, नट आडवे-उभे आवळले. ऐंशीला स्टेअरिंग एका बोटाने धरता येते.

पुढच्या डाव्या चाकाचे वजन मात्र पडलेले होते. कडेला नुसती खूण. असे पडते कधी कधी, निंबा म्हणाला. कशावर आपटले का, हेही त्याने विचारले. मी खड्डा म्हटले. त्याने नवे वजन ठोकले.

रविवार, २० एप्रिल. जळगाव

काल जाताना गाडी लोण्यासारखी चालली. फक्त त्या फाट्याजवळ आरसा हलायला लागला. स्टेअरिंग स्थिर, काचा स्थिर, डॅशबोर्डवरच्या गणपतीची माळसुद्धा स्थिर होती. एकटा आरसा. त्यात रस्त्याच्या कडेला काहीतरी पांढरे होते. शंभरेक पावले पुढे गेल्यावर आरसा हलायचा थांबला.

परतताना काही झाले नाही. पण परतताना आरशाकडे बघितलेच नाही, समोर रस्ता बघत आलो. तिथे एकही खड्डा नाही.

शनिवार, २६ एप्रिल. धुळे

आज आरसा कमी हलला. पांढरे म्हणजे धोतर. त्यावर दुमडलेले काहीतरी.

तेरा तारखेला जे लिहिले ते पुरे नव्हते. ही वही मी स्वतःशी खोटे बोलू नये म्हणून ठेवतो, म्हणून आता लिहितो. दचका बसला तेव्हा आवाजही आला होता. खड्ड्याचा आवाज खालून येतो. हा बाजूने आला. मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली नाही, मंदावली. आरशात बघितले, आरसा थरथरत होता, काही दिसले नाही. दिसले नाही म्हणजे काही नाही, असा निष्कर्ष मी काढला. वर्गात एखाद्या मुलाने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला शून्य दिले असते.

मग पाय काढला.

गुरुवार, १ मे. धुळे

सुट्टी म्हणून आजच निघालो, उद्या कॉलेजसाठी परतायचे. फाट्याच्या अलीकडे थांबलो. तिथे सुपडू नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. मी न विचारता तोच सांगू लागला, बहुधा सगळ्यांनाच सांगतो. महिना पुरा व्हायचाय, बोरी नदीवरून मासे धरून येणाऱ्या झुलाल भिल याला कोणी तरी उडवले. पोलिसांनी पंचनामा केला, गाडी सापडली नाही. सापडणारही नाही, तो म्हणाला, ज्याला थांबायचं नाही त्याला कोण शोधून काढणार.

तारीख विचारायची होती. विचारली नाही. चहा अर्धा टाकला.

फाटा ओलांडला. आरसा जेमतेम हलत होता. तो बसलेला आहे. पडलेला नाही, बसलेला. एक हात वर.

शनिवार, ३ मे. धुळे

आरसा आज हलला नाही.

सगळे स्वच्छ दिसले, भर उन्हात. पाय वाकडा. खांद्यावर जाळे. हात वर केलेला, पण मदत मागताना करतात तसा नाही. ओळखीच्या माणसाला, इकडे आहे रे, म्हणून खूण करतात तसा.

मान वळवून मागे बघितले. रस्ता रिकामा होता. पुन्हा आरशात बघितले, तो उठून उभा राहिला होता.

कुंदा म्हणाली, जेवण का जात नाही. उष्णता, मी म्हटले. तिने कांद्याचा रस लावला. मी लावून घेतला.

बुधवार, ७ मे. जळगाव

आज रजा टाकली. झुलालच्या घरी गेलो. सांगायला गेलो होतो, हे इथे लिहून ठेवतो, कारण तिथे सांगितले नाही.

त्याची बायको भागाबाई, पन्नाशीची. मूलबाळ नाही, दीर नाही. कॉलेजातला मास्तर आहे, टपरीवर ऐकले म्हणून आलो, असे म्हणालो. तिने पाणी दिले. मला खाट दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

पहाटे दूधवाल्याला सापडला तेव्हा झुलाल जिवंत होता. रात्रभर होता. दूधवाल्याला म्हणाला, घाबरू नको. ‘लाल दिवा लागना व्हता. गाडी थांबनी. तो माणूस ई राहिना.’ मागच्या बाजूने दुसरे ट्रक जात होते. त्याने कोणालाच हाक मारली नाही. तो माणूस येतोय, तर दुसऱ्याला कशाला त्रास. भागाबाई म्हणाली, त्याचा स्वभावच तसा, एकदा भरवसा ठेवला की ठेवला.

तो लाल दिवा माझ्या ब्रेकचा.

मग तिने कोनाड्यातून फडक्याची पुरचुंडी काढली. हे त्याच्याजवळ सापडलं, जाळ्याचं शिसं असेल, पण असलं कधी पाहिलं नाही. भाऊ, तुम्ही शिकेल शेतस, काय शे हाई?

वाकडे झालेले. ४० चा आकडा.

मला ठाऊक नाही, असे मी म्हणालो.

परवा आखाजी, अक्षय तृतीया. झुलालच्या नावाने पहिलीच घागर भरायची आहे. वर डांगर म्हणजे खरबूज, गोड सांजोरी, आंबा, आणि शेजारी त्याची वस्तू म्हणून ते शिसे. पण पितर म्हणून जेवायला बसायला माणूस नाही. गावातले आपापल्या घरी बसणार. त्याच्या वयाचा, परका का होईना, पण त्याच्यासाठी दारात आलेला एकटा मीच. तुम्ही खाल ते त्याला पोचेल. ‘भाऊ, तुम्ही बसशात का?’

आम्ही धुळ्याकडचे, मला रीत माहीत आहे. पितर म्हणून बोलावले की नाही म्हणता येत नाही.

हो म्हणालो.

निघालो. फाट्यावर आरशात बघितले. कोणी नाही. रस्ता, झाडे, ऊन. हायसे वाटले, ते लिहायलाही लाज वाटते.

एरंडोलच्या चढावर गाडी ओढेना. मागून दबली होती. पंपावर हवा भरणारा म्हणाला, मागच्या सीटवरचं ओझं जरा मध्ये घ्या साहेब, एका बाजूला आहे.

गुरुवार, ८ मे

नानांनी विचारले, पाहुणे आलेत का, गाडीत बसूनच का आहेत, वर बोलवा की. मी खिडकीतून बघितले नाही.

दुपारी खाली गेलो. इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. स्टेअरिंगवर हात ठेवला. थरथर. साठची नाही, सत्तरची नाही — ही लय वेगळी — थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाची — रात्रभर उघड्यावर —

आरशाकडे बघितले नाही. तो स्थिर आहे, एवढे डोळ्याच्या कडेला —

तो रागावलेला नाही. ते सहन होत नाही. त्याला वाटते मी परत आलो. उशीर झाला, पण आलो. आणि उद्या मी त्याच्या ताटावर बसून त्याचा घास —

नानांनी आमरस पाठवला. तसाच झाकून ठेवला.

अक्षर वाचता येईल की नाही —

उद्याचे काम: अकराला भागाबाईंकडे, उपाशी पोटी. आणि पाटावर बसण्याआधी, घागरीजवळचे ते शिसे हातात घेऊन सांगायचे की तो लाल दिवा माझ्या —